सात चाळीसचा खड्डा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि अकराव्या मिनिटाला तिने चारही काचा आपणहून खाली घेतल्या. बाराव्या मिनिटाला पडद्यावर सूचना आली : मागचे दार उघडे आहे. मागचे दार बंद होते. मालकाने उतरून ते ढकलून पाहिले, उघडले, पुन्हा आपटून लावले. सूचना बदलली. आता मागची दोन्ही दारे उघडी होती. या गाडीला मागे एकच दार आहे.

गाडी अठरा दिवसांची होती. डोंगर, चिखल आणि दगडगोटे यांतून जाण्यासाठी ती बनवली आहे, असे तिच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापले आहे. अठरा दिवसांत गॅरेजच्या फरशीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा फरशीवर, यापेक्षा खडतर प्रवास तिला घडला नव्हता.

मालकाला सगळे टेस्टर म्हणतात. खरे नाव विजेच्या बिलावर आहे. गेली अठ्ठावीस वर्षे तो गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि शर्टाच्या खिशात दिव्याचा टेस्टर ठेवतो. लग्नकार्यातही तो काढत नाही. बंद पडलेली गाडी टेस्टरकडे ढकलत न्यायची आणि चालवत परत आणायची, ही या भागातली जुनी रीत. मात्र गेल्या वर्षभरात त्याच्याकडे आलेली सगळ्यांत नवी गाडी नऊ वर्षांची होती. त्यानंतरच्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. ते चार तासांच्या अंतरावर आहे.

म्हणून त्याने आपली जुनी जीप देऊन ही गाडी घेतली. कारण हौस नव्हती. टेकडीपलीकडच्या दगडखाणीने याच मॉडेलच्या अकरा गाड्या मागवल्या होत्या, आणि चार तास दूरच्या सर्व्हिस सेंटरवर खाणीचा मॅनेजर विसंबून राहायला तयार नव्हता. तो टेस्टरला म्हणाला होता, "एक गाडी तुमच्या हातात मुठीत असल्यासारखी चालवून दाखवा. आमच्या चढावर. अकराही गाड्या तुमच्याकडे देतो." दिवस ठरला शनिवार, सकाळी नऊ. अकरा गाड्या आल्या तर गॅरेज चालणार होते. नाही आल्या तर शटरवर "भाड्याने देणे आहे" लिहायचे, हे टेस्टरने कोणाला सांगितले नव्हते. ताईला न सांगताच कळले होते.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यापासून ती गॅरेजच्या टेबलावर बसते आणि फोन घेते. दोघे गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात.

मंगळवारी सव्वासातला ताई खाली आली तेव्हा गाडीत कोणी नव्हते आणि गाडी एका रिकाम्या सीटला पट्टा लावायची विनंती करत होती.

"कोणाशी बोलतेय ही?" ताईने विचारले.

"कोणाशीच नाही."

"मग तुझ्यावर गेलीय."

मागचा कॅमेरा शुक्रवारपासून अडकला होता. गाडी रिव्हर्स घेतली की पडद्यावर मागचा रस्ता दिसायला हवा. दिसायची ताई : हातात चहाचा कप, तोंड अर्धे उघडे, शुक्रवारी सकाळी बोलत होती तशीच. गाडी पेट्रोल पंपावर रिव्हर्स घ्या, शाळेच्या भिंतीजवळ घ्या, मागे ताई.

"तू बाजूला हो म्हटलं तरी होत नाहीस," टेस्टर म्हणाला.

"जन्मभर पाठीशी उभी राहिले तेव्हा वळून बघितलं नाहीस. आता बघ."

टेस्टरने दोष पहिल्या आठवड्यातच शोधला होता, निदान त्याचे तसे म्हणणे होते. हेडलाइट लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये त्याने मीटर धरला. काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा होता. मीटरने पाऊण व्होल्टच्या वर दाखवले. याचा अर्थ अर्थिंग, म्हणजे बॅटरीची बॉडीशी असलेली जोडणी, धड नाही, आणि अर्थिंग धड नसेल तर गाडीतले सगळे कॉम्प्युटर दारू प्यायल्यासारखे वागतात. वायरचा माग काढत तो ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटखाली पोहोचला. तिथे एक बोल्ट होता. बोल्टवर पिवळे सील होते. सीलवर लिहिले होते : फक्त अधिकृत व्यक्तीनेच उघडावे, अन्यथा वॉरंटी रद्द.

टेस्टरच्या हातात तेराचा पाना होता. बोल्टही तेराचाच होता. त्याने मॅट परत टाकली.

"अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला दोष दिसतोय आणि हात लावता येत नाही," तो ताईला म्हणाला.

"लाव की."

"वॉरंटी गेली तर खाणवाला मला दारात उभं करील का? त्याच्या गाड्यांनाही हेच सील असणार."

मंगळवारच्या गोंधळानंतर ताईने फोन हातात घेतला. हेल्पलाइनवर गाणे लागले. एकतीस वर्षे लोकांना ताटकळत ठेवलेल्या बाईला गाण्याचे काही वाटले नाही. एकोणीस मिनिटांनी एक मुलगा बोलू लागला.

"मॅडम, तुमची अडचण आम्ही समजू शकतो."

"समजू नका, लिहा. आणि लिहिलेलं वाचून दाखवा."

"मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये तुमच्या गाडीत कोणताही दोष दिसत नाहीये."

"मला दिसतोय. मी गाडीच्या शेजारी उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

"ते सांगता येत नाही, मॅडम."

"मग उंटावर असणार. तिथूनच शेळ्या हाकताय."

मुलाने सांगितले की गाडीसाठी नवीन सॉफ्टवेअर पाठवले आहे, ते आपोआप बसेल आणि सगळे सुरळीत होईल. ते कधी पाठवले, असे ताईने विचारले. बारा दिवसांपूर्वी, असे उत्तर आले. मग अजून बसले का नाही? याचे उत्तर मुलाच्या पडद्यावर नव्हते. ताईने त्याच्या साहेबाचा नंबर मागितला, मग साहेबाच्या साहेबाचा. बुधवारी दुपारपर्यंत ती अशा एका माणसापर्यंत पोहोचली ज्याने पूर्वी एक्स्चेंजमध्ये काम केले होते. शुक्रवारी इंजिनिअर येईल, असे ठरले.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला इंजिनिअर आली. तिशीतली बाई होती, पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप. टेस्टरने मीटर पुढे केला. तिने तो पाहिला आणि नम्रपणे बाजूला ठेवला.

"सर, आधी लॉग बघते, गाडीने स्वतः ठेवलेली नोंद."

लॅपटॉपची वायर तिने स्टिअरिंगखाली जोडली. पडद्यावर बॅटरीच्या व्होल्टेजची निळी रेघ आली. ती सपाट चालली होती, मग एकदम तळाला गेली, बराच वेळ तळाशी राहिली आणि पुन्हा वर आली. मग परत तेच. एकवीस दिवस, एकवीस खड्डे.

"तुमच्याकडे रोज संध्याकाळी काही होतं का?" तिने विचारले. "सात चाळीसला गाडी मरते. सकाळी सात पाचला जिवंत होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मिनिटभर इकडेतिकडे नाही."

ताईने चष्मा काढून पुसायला घेतला.

इंजिनिअरने मान वर केली. समोरच्या भिंतीवर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिले होते : रात्री निगेटिव्ह काढा.

ती अक्षरे टेस्टरच्या वस्तादाची होती. वस्तादाच्या जुन्या गॅरेजमध्ये एका गाडीचे वायरिंग शॉर्ट झाले आणि चार गाड्या जळाल्या. त्यानंतर त्याने नियम केला : शटर ओढण्याआधी आत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. टेस्टरने तो नियम अठ्ठावीस वर्षे पाळला. या काळात त्याच्या गॅरेजमध्ये काडीही पेटली नाही. रोज सातला काम थांबे, मग झाडलोट, मग दहाचा पाना घेऊन एकेक बॉनेट. सात चाळीसला शेवटची वायर. नवी गाडी घरात आल्यावर तिच्यासाठी वेगळा नियम करावा, असे त्याला सुचले नाही. हा गाडी उघडण्याचा प्रकार आहे, असेही वाटले नाही. घरात येताना चप्पल काढावी तशी ती वायर होती.

"सर," इंजिनिअर म्हणाली, "संध्याकाळी सातनंतर गाडी अर्धा तास बंद राहिली की सॉफ्टवेअर बसायला लागतं. त्याला नऊ तास लागतात. तुम्ही त्याला रोज दहा मिनिटं देता."

"मग?"

"मग अर्धवट बसतं. गाडीत आठ कॉम्प्युटर आहेत. तिघांना नवीन आज्ञा कळतात, पाच अजून जुन्याच पाळतायत. काचांना वाटतं दार उघडं आहे, दाराला वाटतं काचा—"

"कळलं," ताई म्हणाली. "आमच्या घराण्यासारखं."

टेस्टरने मीटर पुन्हा उचलला. "आणि हा पाऊण व्होल्ट? तोही मीच रोज दहा मिनिटं देतो का?"

इंजिनिअरने मीटरकडे पाहिले. या वेळी जरा जास्त वेळ पाहिले. "असेल तुमचं बरोबर. पण सिस्टिम दोष दाखवत नाही तोवर मला सील तोडायची परवानगी मिळत नाही. आणि सॉफ्टवेअर पूर्ण बसल्याशिवाय सिस्टिम काय दाखवते त्यावर विश्वास ठेवता येत नाही."

"म्हणजे आधी काय?"

"आज रात्री निगेटिव्ह काढू नका."

"खराब अर्थिंगची गाडी, जोडलेली बॅटरी, आणि वर आम्ही झोपायचं."

"सर, अशी आग लागल्याची एकही नोंद नाही आमच्याकडे."

"तुमच्याकडे दोषाचीही नाही."

गाडी रात्रभर बाहेर रस्त्यावर उभी करू, असे ताईने सुचवले. पण इंजिनिअरने तोवर सुरुवात करून दिली होती, आणि सॉफ्टवेअर बसत असताना गाडीचा इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही. गाडी बरोबर जिन्याखाली उभी होती.

पाच वाजता इंजिनिअर गेली. सात वाजता काम थांबले. झाडलोट झाली. टेस्टरने दहाचा पाना घेतला आणि आत असलेल्या दोन जुन्या गाड्यांचे निगेटिव्ह काढले. मग तो नव्या गाडीपुढे उभा राहिला. सात चाळीस झाले. सात पंचेचाळीस झाले. ताई जिन्यावरून म्हणाली, "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ये वर, भाजी निवतेय."

रात्री काय झाले याची नोंद गाडीत आहे : दोन वाजून तेरा मिनिटे, सॉफ्टवेअर यशस्वीरीत्या बसले. टेस्टरच्या झोपेची नोंद कुठे नाही. सकाळी गॅरेजच्या बाकड्यावर एक उशी आणि बाकड्याशेजारी वाळूने भरलेल्या चार बादल्या होत्या. चौथी बादली ताईची, कपडे धुण्याची होती.

शनिवारी गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. काचा जागच्या जागी राहिल्या. मागचे दार एकच होते आणि ते बंद होते. रिव्हर्समध्ये रस्ता दिसला.

"मी गेले वाटतं," ताई पडदा बघून म्हणाली आणि मागच्या सीटवर चढून बसली. "इतके दिवस फोटोत होते, आता जातीने येते."

नऊला मॅनेजर आला. जाडजूड, घड्याळ बघत बोलणारा माणूस. तो पुढे बसला. खाणीच्या फाटकापर्यंत सगळे ठीक होते. पहिले वळण झाले, दुसरे झाले. चढावर खडी सैल होती आणि गाडी चारही चाकांनी ती तुडवत चालली होती. टेस्टरने स्टिअरिंगवर एकच हात ठेवला. मॅनेजरने घड्याळ बघणे थांबवले.

तिसऱ्या वळणाच्या मध्यावर, खड्ड्यांची सलग रांग लागल्यावर, पडदा काळा झाला. मग चारही काचा खाली गेल्या. बाहेरची सगळी धूळ आत आली. इंजिन बंद पडले आणि हँडब्रेक आपोआप लागला. मागून येणारा दगडाचा डंपर थांबला व हॉर्न वाजवू लागला.

"हे मुठीत आहे का?" मॅनेजरने डोळे पुसत विचारले.

ताईने हेल्पलाइन लावली होती. गाणे या वेळी वाजले नाही. "मॅडम, अभिनंदन," मुलगा म्हणाला. "तुमच्या गाडीचं सॉफ्टवेअर काल रात्री अद्ययावत झालंय. कोणताही दोष दिसत नाहीये."

"पालथ्या घड्यावर पाणी," म्हणून तिने फोन ठेवला.

टेस्टरने मॅट उचलली. पिवळे सील धुळीतही पिवळेच दिसत होते. डंपरच्या मागे दुसरा डंपर येऊन थांबला.

"काय करणार?" मॅनेजर म्हणाला.

"हा बोल्ट काढणार. काढला की वॉरंटी गेली."

"गाडी तुमची आहे. मी काही बघितलेलं नाही. पण लवकर करा."

दहा वाजून पाच मिनिटांनी टेस्टरने सील तोडले. आवाज बिस्किट मोडल्याएवढा झाला. बोल्ट निघाला. त्याच्या खाली बॉडीचा रंग जसाच्या तसा होता, चकचकीत, शोरूममधल्यासारखा. लोखंडाला लोखंड कुठे लागलेच नव्हते. कारखान्यात रंगावरच बोल्ट आवळला होता. टेस्टरने काचकागदाने नाणेभर जागा खरवडली, वायर लावली, बोल्ट आवळला आणि मीटर धरला. काटा हलला न हलला. तो मीटर त्याने मॅनेजरला दाखवला, मग ताईला, मग खिडकीत येऊन शिव्या देणाऱ्या डंपरवाल्यालाही दाखवला.

गाडी चढून गेली. माथ्यावर पोहोचताच फोन आला. इंजिनिअर होती.

"सर, लॉग छान दिसतोय. मधे पाच मिनिटं गेली होती, पण आता एकदम सरळ रेघ. सॉफ्टवेअरने काम केलं ना?"

फोन स्पीकरवर होता. मॅनेजर ऐकत होता. हो म्हणणे सोपे होते. त्यात वॉरंटीही राहिली असती आणि अकरा गाड्याही. ताईने भावाकडे पाहिले.

"सॉफ्टवेअरने नाही," टेस्टर म्हणाला. "मी सील तोडलं. बोल्टखाली रंग होता. खरवडला."

"सर, हे मी ऐकलं नाही असं समजू का?"

"नको. ऐका आणि लिहा. बाकीच्या गाड्यांतही असेल. आणि सात चाळीसचा घोळ माझा होता, तोही लिहा."

"लिहिलं तर तुमची वॉरंटी जाईल."

"ताई म्हणते लिहिलेलं वाचून दाखवायचं असतं."

तिने वाचून दाखवले.

खाली उतरून फाटकाशी आल्यावर मॅनेजर म्हणाला, "टेस्टर, माझी पंचाईत झालीय. मला माणूस हवाय जो चढावर गाडी चालू करेल. माझ्या ऑफिसच्या कागदाला माणूस हवाय जो सील तोडणार नाही. दोघं एकच निघाले असते तर बरं झालं असतं."

"वेगळे निघाले तरी पगार एकालाच द्या," ताई मागून म्हणाली.

मॅनेजर हसला, पण उत्तर त्याने सोमवारवर टाकले.

रविवारी कंपनीचे दोन संदेश आले. पहिल्यात लिहिले होते की सॉफ्टवेअरमुळे तुमच्या गाडीतील अडचण दूर झाली असून या अनुभवाला पाचपैकी तारे द्यावेत. दुसऱ्यात वॉरंटी रद्द झाल्याचे कळवले होते. अडचण कोणती होती, ते दोन्हींत नव्हते. ताईने दोन तारे दिले. एक गाण्याबद्दल, एक इंजिनिअरबाईबद्दल.

सोमवारी सकाळी खाणीच्या अकरापैकी पहिल्या दोन गाड्या खाणीवर आल्याचे कळले. मॅनेजरचा फोन आला नाही. ताईने दुपारी दोनदा लावला. तो मीटिंगमध्ये होता.

संध्याकाळी सहा पन्नासला त्या दोनपैकी एक गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. चारही काचा खाली होत्या. आत खाणीचा ड्रायव्हर धुळीने पापण्यांपर्यंत पांढरा झालेला बसला होता.

"साहेबांनी पाठवलं?" टेस्टरने विचारले.

"साहेबांना माहीत नाही. त्यांनी सर्व्हिस सेंटरला कळवलंय. तिकडून सांगितलं, दोष नाही. डंपरवाला म्हणाला तुमच्याकडे न्या."

टेस्टरने मीटर धरला. पाऊण व्होल्टच्या वर. मॅट उचलली. सील पिवळे आणि अखंड होते. गाडी आत घेऊन तो बाजूला झाला. ड्रायव्हर बाकड्यावर बसला, ताई टेबलावर. सील तोडायचे का, हे विचारायला ती मॅनेजरचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिली.

सात वाजता काम थांबले, झाडलोट झाली. या गाडीतही सॉफ्टवेअर बसायला सुरुवात झाली आहे. पडद्यावर आकडा दोन टक्के आहे. आता सात चाळीस झाले आहेत. भिंतीवरची अक्षरे जागेवर आहेत. टेस्टरच्या एका हातात दहाचा पाना आहे, दुसऱ्या हातात तेराचा. मॅनेजरच्या फोनची घंटा वाजते आहे. अजून त्याने उचललेला नाही.